शंभर घड्या

फोटोत शितलच्या उजव्या हातात काचेची एक नळी आहे. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, दोन्ही टोकं आचेवर वितळवून बंद केलेली, आत गोठलेला गुलाबी थेंब. एका टोकाला लाल दोरा. डाव्या हातात घडी घातलेला रुमाल. मागे शेगडीवर मोठा कुकर आणि हिरव्या टोप्यांतली पाच-सहा माणसं, सगळी हसणारी.

फोटो टांझानियातला, २०१६ सालचा. नळी माझी.

मी डहाणूच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज आहे. नर्सिंगला जाण्याआधी मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं होतं. त्याचा उपयोग काय, असं घरचे बरीच वर्षं विचारायचे. एवढा एक उपयोग झाला. हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचा आमचा ऑटोक्लेव्ह जुना होता. हत्यारांच्या ड्रमच्या मधोमध वाफ पोचते की नाही, ते बाहेरच्या काट्यावरून कळत नव्हतं. बेन्झॉइक अॅसिड एकशेबावीस अंशांना वितळतं. मी त्याचे चार स्फटिक आणि रंगाची चिमूट नळीत भरायचे, नळी बंद करून गॉजच्या गठ्ठ्यात खोल खोचायचे. ड्रम उघडल्यावर स्फटिकांचा थेंब झालेला दिसला, तर उष्णता आतपर्यंत गेली. नाही दिसला, तर सगळं परत.

शितल झरीहून आमच्याकडे थिएटरच्या कामाला आली तेव्हा मी तिला पहिल्या आठवड्यात हे शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने नळीला लाल दोरा बांधला, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा. म्हणजे गॉजमध्ये नळी शोधावी लागत नाही, म्हणाली. रंग सुटेल म्हणून मी रागावले. तिने तोच दोरा चार वेळा उकळला आणि पांढऱ्या गॉजवर ठेवून दाखवला. डाग नव्हता. मी दोरा राहू दिला.

सुनिल सर मुंबईचे प्लॅस्टिक सर्जन. महिन्यातून एकदा डहाणूला येतात आणि दुभंगलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं करतात. दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात त्यांची टीम दहा दिवस परदेशात जाते, बिनपगारी. २०१६ साली चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, “यंदा थिएटरला एक माणूस हवंय. कोण येतंय?”

मी कपाकडे बघत राहिले. मी सतरा वर्षं तिथे होते. ते माझं नाव घेतील, मी थोडे आढेवेढे घेईन, ते आग्रह करतील, असं सगळं माझ्या मनात तयार होतं.

“मी येते,” शितल म्हणाली. तोंडात बिस्किट होतं.

ती परत आली तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आली. मला कॉफी. मी चहा पिते, हे तिला माहीत होतं. पुडी मी फोडली नाही, फक्त एक्सपायरी वाचली आणि कपाटात ठेवली. महिनाभर थिएटरात टांझानियाच चालू होतं. तिथे लाइट गेली, मोठं मशीन बंद पडलं, मग हिने कुकरवर काम चालवलं, नळी वापरली, ते डॉक्टर थक्क झाले. मी हत्यारं मोजत असायचे. दोनदा माझी मोजणी चुकली. तोपर्यंत माझी मोजणी कधी चुकली नव्हती.

२०१८च्या जुलैत जाड पाकीट आलं. आत पुढच्या दौऱ्याचा फॉर्म आणि टीमची नवी माहितीपुस्तिका. फॉर्मवर एकच नाव लिहायचं होतं, खाली सही इन्चार्जची. दोघींपैकी एकीला थिएटर सांभाळायला मागे राहणं भागच होतं. मुदत एकतीस ऑगस्ट.

पुस्तिकेत नवव्या पानावर माझ्या नळीचं चित्र होतं, दोऱ्यासकट. वर इंग्रजीत नाव छापलेलं: शितल ट्यूब.

ते मी किती वेळा वाचलं, ते लिहीत नाही. मग चित्राखालची ओळ वाचली. नळीतले स्फटिक वितळले असतील तर हत्यारं वापरायला हरकत नाही, असं तिथे म्हटलं होतं. वेळेचा उल्लेख नव्हता. स्फटिक एक-दोन मिनिटांत वितळतात. जंतू मरायला वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांनी काढलेली नळी आणि वीस मिनिटांनी काढलेली नळी हुबेहूब सारखी दिसते.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. हिने अर्धंच शिकवलं, आणि नाव लावून घेतलं. मी पेन्सिलीने समासात “वेळ?” असं लिहिलं आणि पुस्तिका फॉर्मसकट ड्रॉवरमध्ये ठेवली. नोव्हेंबरपर्यंत त्यांचं एकही ऑपरेशन नाही, तोवर कोणाला इजा होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं.

“ताई, फॉर्म गेला का?” शितल दर आठवड्याला विचारायची.

“बघते.”

पुतळीमावशी आमच्याकडे गॉज कापते, घड्या घालते. ती एकदा मान वर न करता म्हणाली, “बघता बघता तुमचा चष्म्याचा नंबर वाढला, बाय. त्या कागदाला अंडी घालायला बसवलाय काय?”

शितल हसली. मी नाही.

तीस ऑगस्टला तलासरीला कॅम्प होता. मुलांची तपासणी आणि किरकोळ ऑपरेशनं. जीपमध्ये शितल पुढे बसली होती. विवळवेढ्याला देवळाची कमान आल्यावर तिने हात जोडले. मी उजवीकडच्या ट्रकवरचा नंबर वाचला. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. त्यावर नाव नव्हतं.

पुतळीमावशीचा गुडघा सुजला होता म्हणून ती आली नव्हती. गॉज आम्ही तयार पाकिटांतलं आणलं होतं. मागच्या पडवीत शेगडीवर कुकर चढवला, ड्रम आत, नळी ड्रममध्ये. दाबाचा काटा सोळा पौंडांवर आला. शितल शेगडीपाशी उभी राहिली, खिशातून रुमाल काढला आणि त्याची घडी घालू लागली. चार पदर. उलगडला. पुन्हा चार पदर. ओठ हलत होते.

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

आमच्या थिएटरात घड्याळ लावून वेळ कधीच धरली नाही. काटा सोळावर आला की पुतळीमावशी नवा गठ्ठा घेते. तिची एक घडी बारा सेकंदांची, हे मीच एकदा मोजलं होतं. शंभर घड्या म्हणजे वीस मिनिटं. “शंभर झाल्या,” असं ती म्हणाली की गॅस बंद. शितलला मी नळी शिकवली. वेळ शिकवली नाही, कारण वेळ मावशीच्या हातात होती.

शंभर झाल्यावर शितलने गॅस बंद केला.

“तिकडेही असंच केलंस?” मी विचारलं.

“मग? तिकडे गॉज पाकिटातून येतं, ताई. घड्या घालायला कोणीच नाही. रुमालावर केल्या.”

“त्यांना सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? माझं इंग्लिश तुम्हाला माहीत आहे. ते हसत होते. त्यांना वाटलं, आमच्याकडची पूजा असेल.” तिने रुमालाने कपाळ पुसलं. “एक बाई तर माझ्याशेजारी हात जोडून उभी राहिली.”

मला हसू आलं. मग ते थांबलं. त्या फोटोतला रुमाल मी दोन वर्षं बघत होते. घाम पुसायला घेतलाय, असं मी ठरवून टाकलं होतं.

“आणि नळी कोणाची, ते सांगितलंस?”

तिने रुमाल खिशात घातला. मग म्हणाली, “नाही. कोणी विचारलं नाही. आणि सगळे शितल शितल करत होते ना, ते बरं वाटलं.” तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला राग आहे. दोन वर्षं आहे. पण तुम्ही बोलत नाही, ताई. तुमच्या मनातलं ओळखायला मी काय भगत आहे?”

मी तिला नवव्या पानाचं सांगितलं. सहा आठवडे ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, हेही सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“सहा आठवडे?”

“हो.”

तिने दुसरा ड्रम कुकरमध्ये ठेवला. झाकण बसवताना पहिल्यांदा ते वाकडं बसलं. मी हात लावला नाही. काटा चढायला अकरा मिनिटं लागली. सोळा झाले. तिने रुमाल काढला.

तिच्या नव्वदेक घड्या झाल्या असतील तेव्हा सुनिल सर हात पुसत पडवीत आले. “भारतीबेन, उद्या शेवटची तारीख. फॉर्म आणलात? शितलचंच नाव ना?”

“नऊ नंबरच्या पानावर चूक आहे, सर,” मी म्हणाले. “नळीतले स्फटिक वितळले तरी वीस मिनिटं थांबायला हवं. ते लिहायचं राहिलंय.”

त्यांनी भुवया वर केल्या. “बापरे. आजच कळवतो त्यांना. आणि शितल जाईलच, ती समोर करून दाखवेल. काय गं?”

शितलचे ओठ हलत होते. ती मोजत होती. तिने माझ्याकडे मात्र बघितलं, आणि तिचे हात थांबले नाहीत. शहाण्णव. सत्त्याण्णव.

आता गप्प राहणं सोपं होतं. मी पेन द्यायचं, ते नाव लिहितील, मी सही करायची. मोठेपणाही मिळेल. हे सगळं मला चहाच्या त्या कपाइतकं ओळखीचं होतं. मी पर्समधून फॉर्म काढला आणि घडी उलगडली. ड्रॉवरमध्ये राहून त्याचा एक कोपरा दुमडला होता, तो बोटाने सरळ केला.

“शंभर,” शितल म्हणाली आणि गॅस बंद केला.

“माझं नाव लिहा, सर,” मी म्हणाले. “मला जायचंय.”