चार मिनिटं कोणाच्या नावावर

मी एक सॉफ्टवेअरचा संच. मला मालक नाही. देशोदेशीच्या लोकांनी, एकमेकांचं तोंडही न बघता, फुकट लिहून मला उघड्यावर ठेवलं. ज्याला हवं त्यानं न्यावं.

माझ्याआधी वेबसाइटचा दर्शनी भाग एका भाषेत, आतलं यंत्र दुसऱ्या भाषेत लिहायचे. माझ्यात सगळं एकाच भाषेत, जावास्क्रिप्टमध्ये. लोक म्हणाले, आता भांडणं मिटली.

कंपालात, न्तिंडा भागात, गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत मला दोघांनी घेतलं. नाकिमुली दर्शनी भाग लिहायची, ओडोंगो आतला. दूर काबोंगच्या दवाखान्यात सुईणीनं बटण दाबलं, की जवळच्या बोडावाल्याला निरोप जावा आणि त्यानं मोटारसायकल घेऊन अडलेल्या बाईला न्यायला यावं, एवढंच माझं काम. तेव्हा दोघं एक रोलेक्स, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, अर्धं अर्धं खायची.

मग एका समारंभात ओडोंगो व्यासपीठावर म्हणाला, "हे मी बांधलं." नाकिमुली समोरच बसली होती.

त्या दिवसापासून बोलणं बंद. जे काय बोलायचं ते माझ्यात टिपा लिहून. भाषा एकच, त्यामुळे कुंपण नव्हतं. कोणीही कोणाच्या वावरात शिरायचं. तो लिहायचा, "बाईसाहेबांचं नक्षीकाम काढलं." ती लिहायची, "साहेबांना भाषणातून वेळ मिळाला वाटतं."

माझ्या प्रत्येक ओळीवर शेवटचा हात कोणाचा, त्याचं नाव राहतं. हेच दोघांना चावू लागलं.

नाकिमुलीची एक ओळ होती : निरोप पोचल्याची खूण आली नाही, तर आठ सेकंदांनी पुन्हा पाठव. काबोंगला वाऱ्यानं मोबाइलचा मनोरा हलला की निरोप गळायचे, म्हणून. ओडोंगोनं ती काढून टाकली. दोन दिवसांनी सुईण लोंगोले सिस्टरचा फोन आला, बटण तीनतीनदा दाबावं लागतंय. त्यानं गुपचूप ओळ परत घातली.

पण आता तिच्यावर नाव त्याचं आलं.

नाकिमुलीला ते दिसलं. पुसून लगेच तेच लिहिलं, तर मला फरक कळत नाही आणि नाव जुनंच राहतं. म्हणून तिनं भर दुपारी ओळ पुसली, बदल पक्का करून चालू केला, चहा ओतून घेतला, मग ओळ पुन्हा लिहिली. चार मिनिटं.

त्याच चार मिनिटांत काबोंगहून बटण दाबलं गेलं. निरोप गळला. आता एकदा दाबलं तरी पोचतं, म्हणून सिस्टरनं पुन्हा दाबलं नाही. पुन्हा पाठव असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटी बाईला माणसांनी फळीवर उचलून नेलं. ती वाचली. मूल नाही.

लोंगोले सिस्टर फोनवर ओरडली नाही. स्पीकर चालू होता, भांडणानंतर दोघं प्रथमच एका टेबलाशी बसली होती. सिस्टर म्हणाली, "पोरांनो, मी बटण दाबलं तेव्हा तिकडं कोण होतं, तेवढं सांगा."

दोघांनी माझी नोंद उघडली. त्या चार मिनिटांवर नाव होतं. नाकिमुलीचं. त्याच्या आधीच्याच नोंदीत ओडोंगोचं.

खोली आता बंद आहे. एकमेकांना त्यांनी क्षमा केली नाही. मी मात्र चालतो, काबोंगचे निरोप पोचवतो. ती ओळ जागेवर आहे. तिच्याजवळ कोणी येत नाही.

तुम्हीही मला न्या, फुकट आहे. फक्त कोणाची ओळ पुसण्याआधी, ती कोणाची हे बघू नका. कोणासाठी आहे ते बघा.