आस्लाकच्या खोपीतला पंप

मी पंप बोलतोय. व्होसच्या डोंगरात माझ्या तोडीचा पंप नाही. इथली बिअर माझ्या पोटातून जाते, इथली लग्नं माझ्या जिवावर लागतात! बरं, लग्नं नाही, एकच लग्न. आणि माझ्या तोडीचा दुसरा नाही हे खरं असलं, तरी त्याचं कारण एवढंच की इतका स्वस्त पंप या खोऱ्यात दुसऱ्या कुणी घेतलेला नाही.

मूठभर माझा जीव. प्लास्टिकचं डोकं, मागे एक मोटर, पोटात गरगर फिरणारं एक चाक. शिक्षण म्हणाल तर पाठीवर चिकटवलेला कागद, आणि तोही वाफेने अर्धा सोलून निघाला. तेव्हा मला अर्धशिक्षित म्हणायला हरकत नाही. मला वापरणाऱ्यांनी तर तेवढंही वाचलेलं नाही.

माझा पहिला मालक हेनिंग, बर्गन शहरातला विद्यार्थी. घरी बिअर करायची म्हणून त्याने आधी दाढी वाढवली आणि मग मला आणलं. एक खेप जमली. दुसऱ्या खेपेला बिअर छताला लागली, खालच्या मजल्यावरची बाई वर आली, आणि हेनिंगने दाढीही काढली आणि मलाही काढलं. माझ्याबरोबर एक पिशवी फुकट दिली. पिशवीत एक चांगली नळी, नळ्यांचे जोड, वॉशर, क्लिपा. निम्म्या जोडांचे आटे एका जातीचे, निम्म्यांचे दुसऱ्या. एकमेकांत बसायला एकही तयार नाही. भावकीच ती.

ती भावकी आणि मी, दोघेही आस्लाकच्या गळ्यात पडलो. आस्लाक म्हातारा शेतकरी, छपरावरचा बर्फ काढताना पडला आणि खांदा कायमचा कामातून गेला. त्याच्या खोपीत आजोबांच्या वेळचा तांब्याचा हंडा आहे. घरात लग्न असो, ख्रिसमस असो, बिअर त्याच हंड्यात व्हायची आणि उकळतं पाणी बादल्यांनी उपसायचं. आता बादली उचलायची कुणी?

"पुरे कर आता," ओड्रुन म्हणाली. ही त्याची थोरली बहीण, शेजारच्या घरात राहते. तिच्या नातीचं, इंगुनचं लग्न जवळ आलं होतं. "लग्नाला बिअर दुकानातून आणू. हंडा देऊन टाक नदीपलीकडच्या हाल्वारला. त्याचे दोन्ही खांदे धड आहेत."

"आपल्या घरच्या लग्नात दुकानाची बिअर? त्यापेक्षा पाहुण्यांना ताक पाज ना!"

"मग करून दाखव. जमलं तर हंडा तुझा. फसलं तर हाल्वारचा, आणि मग माझ्या दारात येऊन तोंड पाडून बसायचं नाही."

एवढं सगळं माझ्या मुठीएवढ्या अंगावर! आणि आस्लाकने काय केलं? मला हंड्याच्या वर, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. का? तर मी भिजू नये म्हणून. पंप! भिजू नये म्हणून!

आता एक समजून घ्या. मला पाणी ओढता येत नाही. ते आपल्या पायांनी माझ्यापर्यंत आलं पाहिजे, मग मी ते पुढे ढकलतो. यात लाज कसली? माणसांत अशांनाच साहेब म्हणतात.

"लाव!" आस्लाक ओरडला. ओड्रुनने वायर भिंतीत खोचली. मी कोरडाच फिरलो आणि असा किंचाळलो की खोपीतलं मांजर थेट छपरावर.

"मेलं वाटतं हे!" आस्लाक म्हणाला आणि नळीला डोळा लावून आत बघू लागला. मला राहवलं नाही. पोटात हेनिंगच्या काळचं थोडं पाणी होतं, ते दिलं डोळ्यात.

ओड्रुन हसून हसून बाकावर बसली. "आस्लाक, गाईंचं दूध काढायचं यंत्र जन्मभर वापरलंस. ते कधी आढ्याला टांगलं होतंस का रे?" मग उठून तिने मला जमिनीवर ठेवलं, नळी पाण्याने भरली, टोकावर अंगठा दाबला आणि ते टोक हंड्यात सोडलं. पाणी आलं. मी गुरगुरायला लागलो, सुखाने.

सुख कसलं! आस्लाकने बागेला पाणी घालायची नळी लावली होती. हेनिंगची चांगली नळी आखूड पडते म्हणे. हंड्यात जुनिपरच्या, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या एका सुवासिक झुडपाच्या, फांद्या घालून उकळलेलं पाणी. त्या उष्णतेने बागेची नळी शेवयांसारखी मऊ झाली आणि मिटली. पलीकडे पिंपात सातू कोरडे बसलेले. पाणी गार झालं तर त्यांची गोडी सुटणार नाही, आणि गोडी नाही तर बिअर नाही. आस्लाक शिव्या देत नाचत होता. मग हेनिंगची नळी लावली. ती बरोबर पुरली! आखूड कुणी ठरवली होती, देव जाणे.

मग जोड गळायला लागला. दोन जातींचे आटे, सांगितलं ना. ओड्रुनने विणायला घेतलेल्या मोज्याची लोकर आट्यांवर गुंडाळली आणि आवळली, तेव्हा भावकी एकत्र आली.

मी म्हटलं, संपले हाल. पण नाही. पिशवीत एक छोटी जाळी होती, नळीच्या तोंडाला बसवायची. आस्लाकने ती काढून ठेवली होती.

"का काढलीस?" ओड्रुनने विचारलं.

"जुनिपरची चव गाळली जाईल ना!"

चव गाळली जाईल! जुनिपरच्या सुया सगळ्या माझ्या चाकात. मी अडकलो, गरम झालो, बंद पडलो. मला उघडा, सुया काढा, बसवा, पुन्हा अडकलो. दर वेळी आस्लाक मला नावं ठेवायचा. माझं, हेनिंगचं, मला जन्म देणाऱ्या कारखान्याचं, कुणाचंच नाव सोडलं नाही. शेवटी ओड्रुनने न विचारता जाळी बसवली. सातू भिजले, गोड पाणी सुटलं, ते पुन्हा हंड्यात उकळलं, ओढ्याच्या पाण्याने कोमट केलं. आणि तोपर्यंत आस्लाकचा घसा पार बसला. शिव्या देऊन देऊन.

इथे खरी पंचाईत झाली. कोमट गोड पाणी मी दुसऱ्या पिंपात सोडायला लागलो, की त्यात घरचं यीस्ट टाकायचं, लाकडी कड्यावर वाळवून ठेवलेलं. आणि टाकताना करणाऱ्याने पोटातून ओरडायचं. जेवढं ओरडाल तेवढी बिअर कडक. मुकाट्याने टाकलं, तर पिणारेही मुकाट बसतात, असं इथे लहानथोर सगळे मानतात. मुकी बिअर लग्नाला कोण ठेवणार?

आस्लाकने यीस्ट उचललं, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. बाहेर आलं फक्त "फ्फ".

त्याचा चेहरा पाहवेना हो. दिवसभर छळलं मला, पण तेव्हा तो हंड्याकडे असा बघत होता, जसं कुणी आत्ताच तो उचलून न्यायला आलंय. त्याने ओड्रुनला हाताने खुणावलं, तू ओरड.

"मी? माझे दात पिंपात पडतील! आणि करणारा तू. टाक लवकर, गार होतंय."

त्याने मान खाली घातली आणि यीस्ट सोडलं. नेमका त्याच क्षणी हंडा रिकामा झाला. म्हणजे, तळाला थोडं होतं. पण मी एक मोठी ढेकर देऊन नळीत हवा घेतली आणि दिवसभराचा सगळा वैताग काढला. असा किंचाळलो, असा किंचाळलो, की नदीपलीकडे हाल्वारची कुत्री भुंकू लागली. ओड्रुनचा हात वायरवर होता. तिने ओढली नाही. मला पुरतं ओरडू दिलं आणि मगच ओढली.

तेव्हापासून मी इथेच आहे, फडताळात, लोकरीसकट. चाक थोडं झिजलंय, आवाज खरखरीत झालाय. तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते: पंप घ्याल तर जमिनीवर ठेवा, जाळी लावा, आणि कोरडा चालवू नका. सारखा तरी नका.

आता बिअरचं सांगतो. यीस्टने झटपट काम उरकलं आणि रिवाजाप्रमाणे पहिली चव घ्यायला शेजारीपाजारी खोपीत जमले. ओड्रुनने लाकडी वाडग्यातून एक घोट घेतला. मग सगळा वाडगा संपवला. "इंगुनच्या लग्नाला हीच," ती म्हणाली, "आणि हंडा कुठे जात नाही." आस्लाकने हंड्यावर हात ठेवला, तो किती वेळ काढलाच नाही.

"आस्लाक, काय ओरडलास रे!" हाल्वार म्हणाला. "माझी कुत्री अजून पलंगाखालून बाहेर येत नाहीत."

आस्लाक बसक्या आवाजात, पण छाती काढून म्हणाला, "अजून दम आहे म्हटलं माझ्यात. त्या ओरडण्यानेच तर घसा बसला बघ. नाहीतर त्या पंपाने काय होतंय!"

ओड्रुनने वाडगा खाली ठेवला.

"त्या ओरडण्याने घसा बसला?" ती म्हणाली. "मग पंपाचा कसा नाही बसला?"