गुप्तदानावरचा टॅक्स

"हा कागद कसला रे?" सुहासिनीकाकूंनी चष्मा नाकावर घट्ट बसवत विचारलं.

कुमार मोहरीलने तो कागद मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाशी, घराच्या कर्जाच्या पत्राखाली दडवला होता. पण काकूंच्या नजरेतून आजवर कुणाचा कागद सुटलेला नव्हता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासून त्या निवृत्त झाल्या, आणि तेव्हापासून दर फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या ओळखीच्या मराठी घरांचे टॅक्स रिटर्न त्यांच्या जेवणाच्या टेबलावर भरले जात. फी एकच, घरी केलेला एक पदार्थ. आज डब्यात कुमारच्या बायकोच्या, प्रीताच्या हातच्या सांबारवड्या होत्या. काकू पक्क्या पुण्याच्या. "सांबार म्हणजे तुमची नागपूरकरांची कोथिंबीरच ना?" असं त्या दरवर्षी विचारत आणि उत्तराची वाट न पाहता तिसरी वडी उचलत.

"तो अनएम्प्लॉयमेंटचा आहे, काकू."

"ते मला वाचता येतं. बारा आठवडे, चार हजार दोनशे डॉलर. पण प्रीता तर मला म्हणाली होती, तुला काही मिळालंच नाही म्हणून."

कुमारने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. दातांच्या दवाखान्यातलं शनिवारचं काम आटोपून प्रीता साडेअकराला थेट इथेच येणार होती. रिटर्न दोघांचं एकत्र होतं आणि त्यावर दोघांच्या सह्या लागणार होत्या.

"तिला मी तसंच सांगितलंय," तो पुटपुटला.

सरकारशी खोटं बोलायची कुमारची छाती नव्हती. बायकोशी बोलायची होती, कारण बायको दंडावर व्याज लावत नाही अशी त्याची भाबडी समजूत होती. एकवीस वर्षांच्या संसारात प्रीताने त्याचा शब्द कधी तपासून पाहिला नव्हता. आज तिने तो कागद वाचला की पुढे कधी ती आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवेल का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

"पैसे गेले कुठे?" काकूंनी विचारलं. "जुगार?"

"छे हो काकू! दान केले."

काकूंनी हातातली वडी बशीत परत ठेवली.

मग कुमारने सगळं सांगितलं. मागच्या वसंतात, एका मंगळवारी सकाळी, पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये त्याची एकोणीस वर्षांची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी प्रीताने शेजारी बसून त्याच्याकडून बेकारभत्त्याचा अर्ज भरून घेतला. पण पहिल्या आठवड्याचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा कुमार जेवत होता, आणि त्याला पुढचा घास गिळवेना. त्याचे वडील वर्ध्याला पोस्टात होते. दिवाळीला कुणी दुकानदाराने मिठाईचा पुडा पाठवला तरी ते तो उलटपावली परत करायचे. त्यांच्या मुलाने घरी बसून सरकारकडून पैसे घ्यायचे म्हणजे भीकच की. कंपनीने काढताना थोडे पैसे हातावर ठेवले होते. त्यामुळे भत्ता नियमात बसत नाही असं त्याने प्रीताला सांगून टाकलं. भत्ता जमा व्हायचा त्याच्या एकट्याच्या एका जुन्या, विसरलेल्या खात्यात. दर शनिवारी सकाळी तो ते पैसे काढून तांदूळ, डाळ, तेल घ्यायचा आणि चर्चमागच्या, गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या फूड पँट्रीत नेऊन द्यायचा.

"नाव सांगितलं नाही. गुप्तदान ना ते."

"पावत्या?"

"गुप्तदानाची पावती कुणी घेतं का, काकू?"

"कुणी घेत नाही," काकू म्हणाल्या, "आणि घेतली असतीस तरी तुम्ही सरसकट वजावट घेता, त्यामुळे तुमच्या रिटर्नमध्ये तिचा काही उपयोग नव्हता. पण अर्ज भरताना त्यांनी विचारलं असेल ना, दहा टक्के टॅक्स आधीच कापू का म्हणून?"

"विचारलं होतं. नंतर मीच जाऊन 'नको' केलं. दानात कापाकापी बरी दिसत नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे देवा! म्हणजे दान करून टॅक्स वाढवणारा माझ्या टेबलावरचा तू पहिलाच! तुमचा रिफंड तर गेलाच, वर सहाशे चाळीस भरायचे आहेत."

कुमारलाही ओशाळं हसू आलं. "आधीच भीक, आणि तिच्यावर टॅक्स."

"थांब." काकू एकदम हसायच्या थांबल्या. "परत म्हण."

"काय?"

"हे बघ, उद्या मी तुला मदत म्हणून हजार डॉलर हातावर ठेवले, तर त्यावर तुला टॅक्स नाही. पँट्रीतून कुणी तांदळाची पिशवी घरी नेली, त्याला टॅक्स नाही. तुझ्या या पैशावर आहे. कारण ते पगाराच्या जागी आलेले पैसे आहेत. एकोणीस वर्षं काम केलंस म्हणून आलेले. याला टॅक्सवाले उत्पन्न म्हणतात, कुमार. भीक फक्त तू म्हणतोयस."

कुमारने तो कागद हातात घेतला. महिनाभर तो त्याने मोज्यांच्या खणात लपवला होता आणि एकदाही नीट वाचला नव्हता. त्याला खूप हलकं वाटलं, आणि त्याच दमात बारा आठवडे आपण उगाच मान खाली घालून काढले याची चीडही आली.

तेवढ्यात दार वाजलं. प्रीता आत आली ती बोलतच. "काकू, वड्या तिखट नाही ना झाल्या? काल पहिल्यांदा सांबाराच्या सहा जुड्या आणल्या, मागचं वर्ष तर मी एक जुडी घेतानासुद्धा..." नवऱ्याचा चेहरा पाहून ती थांबली. "काहून रे? काय झालं?"

कुमारने कागद तिच्या हातात दिला. काकू चहा टाकायला म्हणून आत गेल्या आणि आतला नळ त्यांनी गरजेपेक्षा मोठा सोडला.

प्रीताने कागद वाचला. पुन्हा वाचला. कुमारने खालमानेने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

"मी नागपूरला माझ्या सुवर्णाताईच्या साठीला गेले नाही," ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच कुमार जास्त घाबरला. "पैसे नाहीत म्हणून तिकीट कॅन्सल केलं मी. तू समोर बसला होतास."

"हो."

"तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"लाज वाटली. चुकलं माझं, प्रीता. पैसे घेतल्याची लाज होतीच, मग खोटं बोलल्याची वाटायला लागली." तो घुटमळला. "आणि खरं सांगू? तिथे जायला आवडायला लागलं होतं. आठवडाभर कुणी माझी वाट बघत नव्हतं. शनिवारी बघायचे."

प्रीताने मान वर केली. "म्हणजे शनिवारी शिट्टी वाजवत भांडी घासायचास ते यामुळे? मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. सहा दिवस तोंड पाडून आणि सातव्या दिवशी गाणी! डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा बघत होते मी."

"पहिल्या आठवड्यात तूरडाळ नेली. कुणी हात लावेना. त्यांना करायची कशी तेच माहीत नाही. मग उभं राहून शिकवली. हळद, मीठ, तीन शिट्ट्या. ते मला मिस्टर लेंटिल, म्हणजे डाळवाले साहेब, म्हणायला लागले."

"तू शिकवलीस?" प्रीताचे डोळे मोठे झाले. "तुला कुठे येते?"

"त्या वेळी शिकलो. एक आजोबा होते, रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर. ते डब्यातून करून घेऊन आले माझ्यासाठी. पाणीच पाणी, आणि वरून केचप."

"खाल्लंस?"

"सगळं."

प्रीताने ओठ दाबून धरले, पण हसू काही दबलं नाही. ते फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. पदर नव्हता म्हणून तिने काकूंच्या टेबलावरचा पेपर नॅपकिन घेतला. "केचप," ती म्हणाली. "तुरीच्या वरणावर."

मग ती गंभीर झाली. "एप्रिलमध्ये मी नागपूरला जाणार. तिकीट तू काढायचं."

"काढतो."

"आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवायचं नाही. नोकरी गेली तर आपली गेली. घरात काय आलं, काय नाही, ते दोघांना कळलं पाहिजे."

"नाही लपवणार."

काकू चहाचे कप घेऊन आल्या तेव्हा प्रीता रिटर्नच्या शेवटच्या पानावर सही करत होती. सहीशेजारच्या चौकटीत कुमारचा व्यवसाय लिहायचा राहिला होता. मागची एकोणीस वर्षं तिथे इंजिनिअर असायचं. आता तो शेजारच्या डरममधल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा, पूर्वीच्या दोनतृतीयांश पगारावर, आणि ही गोष्ट तो चारचौघांत जरा तोंडातल्या तोंडात सांगत असे.

"काय लिहू?" काकूंनी विचारलं.

"लॅब टेक्निशियन," कुमार ठणठणीत आवाजात म्हणाला.

आता चेक राहिला होता. काकूंना अजून कागदाचा चेकच आवडायचा. कुमारने खिशातून आपल्या एकट्याच्या खात्याचं चेकबुक काढलं. "माझी चूक आहे, मीच भरतो."

"ठेव ते आत." प्रीताने पर्समधून दोघांच्या खात्याचं चेकबुक काढून त्याच्यापुढे ठेवलं. "सगळं पुण्य एकट्यालाच हवंय का?"

तो लिहू लागला. युनायटेड स्टेट्स ट्रेझरी. सहाशे चाळीस डॉलर. सही करायला त्याने पेन टेकवलं, तेव्हा प्रीता खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला सरकली. पूजेला जोडीने बसल्यावर दान सोडताना पुण्यात वाटा म्हणून बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, तसा तिने आपल्या उजव्या हाताच्या बोटांचा स्पर्श त्याच्या मनगटाला केला आणि सही पूर्ण होईपर्यंत तसाच ठेवला.