पुरणपोळी खाल्लेली टाकी

माही सून मयुरा, नागपुरात धंतोलीत वाढलेली पोरगी. लग्न होऊन सावनेरजवळ आमच्या गावात आली अन् अंगणात गोबरगॅसची टाकी बांधून बसली. तिकडं अरबाच्या देशात भांडण झालं का इकडं आपला सिलिंडर अडते, म्हणे. आपलं शेण दारात असताना दुसऱ्याच्या तेलावर काहून जगायचं? ग्रामसभेनं सांगितलं, सोमवारी पेटवून दाखव, मंग साऱ्या गावासाठी मोठी टाकी बांधू. नाही जमलं तं ती पुण्याची नोकरी धरणार होती. म्हणजे माहा लेकही चालला तिच्यामागं! मी कोणाजवळ बोलली नाही, पण घास गोड लागत नव्हता.

अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेगडी पेटेचना. मयुरानं शेण कालवायचा हौद पाह्यला, तं आंबट भपकारा! आत पुरणपोळ्या तरंगून राहिल्या होत्या.

"म्याच टाकल्या," आमचे हे, वामनराव, म्हणाले. "बैलाले सणाची पोळी देतो. हे टाकी बिचारी बी रोज राबते, तिले उपाशी ठेवू काय?" अन् एकटे हेच नाही. शेजारचे धोंडबा टोपलंभर घेऊन आले होते, सारी आळी हळदीकुंकू वाहून गेली होती.

"बाप्पा! काहून जी, अक्कल चरायले गेली होती काय?" मी म्हटलं.

मयुरा आधी खो खो हसली, मंग पायरीवर बसून रडली. "आई, टाकी आंबली. सोमवारपर्यंत काही पेटत नाही."

सोमवारी ग्रामसभेत तिनं सांगितलं, शेगडी पेटली नाही. तवा हेच उठले. "टाकी चांगली हाय. म्या जास्त खाऊ घातलं. बैलाचं पोट फुगलं तं आपण बैल इकतो काय गा?"

"उपाशी ठेवतो," धोंडबा बोलले. सारे हसले. सरपंच पंचफुलाबाई म्हणाल्या, "ठेवा मंग. पुढच्या सभेत पाहू."

पण पुण्यावाल्याले त्याच दिवशी जवाब पाहिजे होता. घरी येत नाही तोच फोन वाजला. मयुरानं तो हातात घेतला.

"नको जाऊ वं," मी म्हटलं. "गाव हो म्हणो का नाही, मले तू घरात पाहिजे."

"आई, तुम्ही तर रोज टाकीच्या वासाच्या नावानं ओरडता."

"उद्याही ओरडीन. पण राह्य."

तिनं डोळे पुसले अन् फोन माह्याच हातात देला. "मग तुम्हीच सांगा त्यांना."

"हॅलो," मी म्हटलं. "मी मयुराची सासू, प्रयागबाई बोलून राहिली. पोरगी येत नाही. घरी टाकी बिमार हाय."