फोटोतलं घर

रुपचंदभाऊंनी उंबरा ओलांडला आणि चार पावलांत ते समोरच्या भिंतीला लागले. मागून धुळ्याची बाकीची मंडळी आत शिरली, तेव्हा शेवटचे दोघे ओट्यावरच राहिले.

"बठ्ठं घर इतलंच शे का?" रुपचंदभाऊ म्हणाले. "फोटोमा तं चांगलं मोठं दिखे."

"बसा ना भाऊ, जागा भलती शे," तोताराम म्हणाला आणि स्वतः उभाच राहिला, कारण बसायला जागा नव्हती.

फोटो त्याच्या पुतण्याने काढला होता. दीपक तालुक्याला, चोपड्यात, लग्नाचे फोटो काढतो. अल्ट्रा वाइड लेन्स लावून, भिंतीला पाठ चिकटवून त्याने कॅमेरा धरला आणि दहा बाय बाराच्या खोलीचा दरबार झाला. तोतारामने हरखून तो फोटो लगेच धुळ्याला पाठवला. केळीची बाग उत्तम, मुलगा हितेंद्र निर्व्यसनी, तरी शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देईना. त्यात त्याच्या आईचा, बेबाबाईचा, उजवा हात लकव्याने गेलेला. सासूचं सगळं करावं लागेल, हे कळलं की आलेलं स्थळ चहा न घेता उठायचं. म्हणून आज तिला आतल्या खोलीत बसवून पडदा ओढला होता. बापाचा जीव टांगणीला लागला होता.

"घर लहान आहे ते मला फोटोतच कळलं होतं, पप्पा," रुपचंदभाऊंची मुलगी ऋतिका म्हणाली. ती एका फोटो स्टुडिओत अल्बम जुळवायची. "कडेची चप्पल हातभर लांब दिसत होती. या लेन्सने कडेचं सगळं ताणलं जातं."

तोतारामने मान खाली घातली. चोरी पकडली गेली, तीही मुलीकडून.

"मंग कसाले उनूत आपण?" रुपचंदभाऊ वैतागले. कळलं होतं तर इतक्या लांब यायचंच कशाला, हे त्यांना समजेना.

ऋतिकाने फोनवर तो फोटो मोठा करून वडिलांपुढे धरला. दरबाराच्या अगदी कडेला, आतल्या दारात, एक बाई पाठमोरी बसली होती आणि हितेंद्र तिची वेणी घालत होता. त्याचे हात ताणून भलतेच लांब झाले होते. तोतारामने तो फोटो कितीदा पाहिला होता, पण दर वेळी नुसतं घरच पाहिलं होतं.

"आई कुठे आहेत?" तिने विचारलं.

तोतारामने पडद्याकडे पाहिलं. शेवटी हितेंद्रनेच उठून पडदा सारला. ऋतिका आत गेली, बेबाबाईच्या पाया पडली.

"वेणी रोज तेच घालतात?"

"रोज," बेबाबाई डाव्या हाताने वेणी पुढे घेत म्हणाली. "पन भांग वाकडा पाडस."

ऋतिका हसली. हितेंद्र लाजून पडद्याची कड नीट करत बसला.

तोताराम अजून उभाच होता. रुपचंदभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, बसल्या जागी थोडे सरकले आणि सतरंजी हाताने थोपटली.

"बसा ना भाऊ," ते म्हणाले. "जागा भलती शे."