निर्व्यसनी जावई

"आमचा केरू सुपारीचं खांडसुद्धा खात नाय," असं माझे सासरे सावळीराम बैठकीत पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, आणखी सांगा.

१९९८ साल. नवऱ्याच्या, म्हणजे या केरूच्या, माराला कंटाळून मी माझ्या पोरीला, भाग्यश्रीला, घेऊन मखमलाबादला माहेरी आले होते. सासरच्यांना पोर परत हवी होती आणि मार तर कुणी कबूलच करत नव्हतं. चार वडीलधारी बसून काय ते ठरवणार होती. त्यांत थोरले केरूचेच मामा. माझ्याकडे साक्षीदार नव्हता. केरूची चोरून ओढायची विडी मात्र होती.

त्याच्या खोकल्यासाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. विडीतलं निकोटीन धुराबरोबर थेट मेंदूत जातं आणि बरं वाटायला लावतं. मेंदूला त्याची सवय लागते. मग ते वेळेवर मिळालं नाही की माणूस कासावीस होतो, हात थरथरतात, डोकं भडकतं. मला ते नव्याने कळलं नव्हतं. घरात विड्या संपल्या की माझी पाठ शेकून निघायची.

म्हणून मी बैठक लांबवली. आधी चहा, मग जेवणाचा आग्रह, मग माझ्या आईचं पाल्हाळ. केरू लघवीला उठला की माझा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागोमाग. पाहुण्याला एकटं कसं सोडायचं? आणि बापाने निर्व्यसनी ठरवल्यावर हा विडी काढणार कुठे? त्याचा गुडघा हलायला लागला. कपाळावर घाम आला. बोटं सदऱ्याच्या खिशाशी जाऊन परत येत होती. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

शेवटी मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि हळूच म्हणाले, "घाई कसली? अजून लय बोलायचं हाय."

पेला भिंतीवर आदळला. सगळ्यांच्या देखत त्याने माझ्या झिंज्या धरल्या आणि कानाखाली वाजवली. मामांनी त्याला ओढून बाजूला केलं.

 मग मामाच म्हणाले, "पोर आईपाशी राहील."

मी चुलीजवळची काडेपेटी आणून केरूपुढे टाकली. "घ्या, ओढा आता."

आणि त्याने बापासमोर विडी काढली. हात असे कापत होते की काडी लागेना. सासरे जमिनीकडे बघत बसले. माझा गाल ठणकत होता, पण भाग्यश्रीला कडेवर घेऊन मी समोर उभी राहिले, त्याची विडी संपेपर्यंत.