नूरबीच्या पायांसाठी निवडलेले घंगाळ

मित्रांनो, जळगाव जामोदच्या एका ओसरीच्या कोपऱ्यात पालथे पडलेले तांब्याचे घंगाळ म्हणजे मी. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, त्या काळात कडूबा तांबटाने मला एकाच पत्र्यातून ठोकून घडवले. माझ्या अंगावर ना वेल होती, ना मोर. शेजारची नक्षीदार भांडी लग्नघरी जात आणि मी दुकानात धूळ खात बसे.

एके दिवशी रुखमाबाई न्हावीण दुकानात आली. बाजाराच्या दिवशी ती बायकांचे पाय कोमट पाण्यात भिजवी, वजरीने टाचा घासी, नराणीने नखे काढी. काळ्या मातीत राबून भेगाळलेल्या पायांना तिच्या हाताने आराम पडे. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता.

"काऊन वं बाई, तुह्यापाशी लाकडाची काठवट होती ना?" कडूबाने विचारले.

"जाळली. एकीचं चिघळलेलं बोट त्या काठवटीत भिजवलं होतं. मंग पाणी बदललं अन् नूरबीचे पाय घेतले. पण घाण लाकडाच्या चिरेत राह्यली. नूरबीच्या पायाची दोन बोटं कापा लागली दवाखान्यात."

कडूबाचा हातोडा थांबला. नूरबी बांगडीवालीला कोण ओळखत नव्हते? डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गावोगाव फिरे.

त्याने एक नक्षीचे भांडे पुढे केले. "हे ने. दिसाले बरं दिसते."

"नक्षीत मळ बसते, दादा. मातीचं घ्यावं तर ते पाणी पिते. मले असं दे, जिथं माहं बोट पोचन."

मग तिने मला उचलले आणि आतून बोट फिरवले. कुठे सांधा नव्हता, खाच नव्हती. माझा साधेपणा त्या दिवशी प्रथमच कोणाला आवडला.

पण तिच्या ओसरीवर कोणी येईना. बाजार भरे, बायका समोरून जात, नजर चुकवीत. रुखमाबाई तरीही मला चिंच आणि राखेने घासी, उकळते पाणी ओतून धुई, उन्हात वाळवी आणि वाट पाहत बसे. कोणाला दोष देत नसे.

एका बाजारी काठी टेकत नूरबी आली. रुखमाबाई उठून उभी राहिली.

"कशाले आली तू?" ती म्हणाली. "मी तुह्यं वाटोळं केलं."

"मले तुह्या हाताचं भेव नाही, रुखमा. भांड्याचं होतं," नूरबी म्हणाली. तिने वाकून माझा तळ पाहिला, कड चाचपली आणि चांगला पाय माझ्यात ठेवला. मग थोडा वेळ थांबून दुसराही ठेवला. रुखमाबाईने ती भरून आलेल्या जखमेची जागा इतक्या हलक्या हाताने धुतली, की पाणीही हलले नाही. तिचे अश्रू मात्र माझ्यात पडत होते.

रस्त्यावरच्या बायका थबकून पाहत होत्या. पुढच्या बाजारी त्यांतल्या दोघी आल्या. हळूहळू ओसरी पुन्हा गजबजली. प्रत्येकीनंतर माझे पाणी ओतून मला घासले जाई. जखम असलेल्या बाईसाठी रुखमाबाई कोरे मडके आणी आणि काम झाल्यावर ते फोडून टाकी.

नूरबीला मात्र पुन्हा गावोगाव फिरता आले नाही. रुखमाबाईने तिला अर्धी ओसरी दिली. बायका माझ्यात पाय भिजवीत आणि नूरबीपुढे हात करून बांगड्या भरून घेत. दोघी तिथेच म्हाताऱ्या झाल्या. आधी नूरबी गेली, मग रुखमाबाई.

आता मला कोणी घासत नाही. माझ्यावर हिरवा गंज चढला आहे. मित्रांनो, त्याचे मला फारसे दुःख नाही. चिंचेच्या चार बोटांनी मी पुन्हा उजळेन. नूरबीची बोटे मात्र कशानेही परत आली नाहीत. म्हणून एवढेच सांगतो. कोणी विश्वासाने आपला पाय तुमच्या हाती दिला, तर पाणी ओतण्याआधी भांड्याच्या तळापर्यंत बोट फिरवून पाहा.